कॅनडाने कर्जातला तुकडा सोडून दिला, आपण बँकेला हमी दिली. कोल्हापूरच्या दुकानदाराच्या हातात काय पडलं?

तारीख २७ मार्च २०२०. वार शुक्रवार. आपल्याकडे लॉकडाऊनचा तिसरा दिवस. सकाळी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास टीव्हीवर आले आणि म्हणाले, १ मार्चपासून तीन महिने कर्जाचे हप्ते भरले नाहीत तरी चालतील, बँकांनी तशी सवलत द्यावी. रेपो रेटही एका झटक्यात पाऊण टक्क्याने खाली आणला.

योगायोग बघा. त्याच दिवशी, घड्याळातला फरक सोडला तर, कॅनडात पंतप्रधान जस्टिन ट्रुडोसुद्धा छोट्या धंद्यांसाठी घोषणा करत होते. छोट्या व्यवसायाला ४० हजार डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळणार. मुदतीत ३० हजार परत केले तर उरलेले १० हजार सरकारने सोडले. शिवाय कामगारांच्या पगारातला ७५ टक्के वाटा सरकार उचलणार.

संकट एकच, दिवसही एकच. एका सरकारने सांगितलं की हप्ता नंतर भरा. दुसऱ्याने सांगितलं की हे पैसे घ्या, थोडे परत नाही दिले तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल, कुठे कॅनडा आणि कुठे आपण. त्यांची लोकसंख्या तेव्हा पावणेचार कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मीही नाही. तिजोरी मोठी, बहुतेक धंदे कागदावर नोंदलेले. बरोबर आहे. तुलना करताना हे विसरून चालणार नाही. पण त्या काळात घेतलेल्या कर्जांचे हप्ते काही लोक आजही भरतायत, इथेही आणि तिथेही. आणि आपल्या सरकारने तेव्हा वापरलेला साचा नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा बाहेर काढला. त्यामुळे हा हिशोब एकदा नीट मांडून बघायला हवा.

कोल्हापूरची गोष्ट मार्च २०२० ला सुरू होत नाही

दिल्लीत बसून योजना लिहिणाऱ्याला वाटतं की फेब्रुवारी २०२० पर्यंत सगळं ठीक होतं आणि मार्चमध्ये आभाळ कोसळलं. कोल्हापूरचं तसं नव्हतं.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. शहरातल्या सखल भागातली दुकानं, गोदामं पाण्यात गेली. विमा असलेले थोडे, नसलेले जास्त.

त्याच वर्षी देशभरात गाड्यांच्या विक्रीत मोठी घसरण झाली होती. आता गाड्या विकल्या गेल्या नाहीत तर कोल्हापूरला काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती आणि शहरातलं शिवाजी उद्यमनगर यांचा श्वास वाहन उद्योगाशी जोडलेला आहे. जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. त्यांच्या मागे पॅटर्न बनवणारे, मशीन शॉपवाले, जॉबवर्क करणारे, टेम्पोवाले. पुण्याच्या आणि दक्षिणेतल्या कंपन्यांनी ऑर्डर कमी केली की दोन महिन्यांत उद्यमनगरातल्या लेथचा आवाज कमी होतो.

म्हणजे कोरोना आला तेव्हा कोल्हापूरचा धंदेवाला आधीच एका गुडघ्यावर होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे योजनेतली एक अट नेमकी इथेच आडवी आली.

त्यात पुढच्या वर्षी दुसरी लाट. जून २०२१ मध्ये राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले आणि राज्याच्या इतर भागात शटर वर जाऊ लागली तेव्हा कोल्हापूर चौथ्या स्तरात अडकलं. अत्यावश्यक सोडून बाकीचा बाजार एप्रिलपासून बंद. व्यापारी रस्त्यावर उतरायच्या तयारीत होते. जुलैत कुठे दुकानं उघडायला लागली आणि त्याच महिन्याच्या २२-२३ तारखेला पुन्हा पूर. पुन्हा ५५ फुटांच्या वर पाणी, पुन्हा महामार्ग बंद.

अंबाबाईच्या देवळाभोवतीचा बाजार वेगळाच. महाद्वार रोड, ताराबाई रोड, चप्पल लाइन, ओटी-हळदकुंकवाची दुकानं, यात्री निवास, जेवणाच्या खानावळी, हे सगळं देवीला येणाऱ्या माणसावर चालतं. राज्यातली मंदिरं मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. एप्रिल २०२१ मध्ये परत बंद, ती थेट ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला उघडली. दीड वर्षातलं एक वर्षाहून जास्त गिऱ्हाईकच नाही.

हप्ता थांबला, व्याज नाही थांबलं

पहिली सवलत हप्ते पुढे ढकलण्याची. आधी मेपर्यंत होती, मग २२ मेच्या घोषणेनंतर ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढली. एकूण सहा महिने. गल्लीबोळात बातमी पसरली ती अशी की सहा महिने हप्ता माफ. माफ नव्हता, पुढे ढकलला होता. त्या सहा महिन्यांत व्याज चालूच होतं आणि ते मुद्दलात मिळत होतं.

लोक कोर्टात गेले. सहा महिन्यांचं व्याजच नको, निदान व्याजावर व्याज तरी नको, अशी मागणी होती. सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू असताना ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने जाहीर केलं की २ कोटींपर्यंतच्या कर्जावर चक्रवाढ आणि सरळ व्याज यातला फरक आम्ही भरतो. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की त्या काळातलं व्याजावरचं व्याज कोणाकडूनच घेऊ नका, पण पूर्ण व्याजमाफी देता येणार नाही, कारण बँकांना ठेवीदारांचंही व्याज द्यायचं असतं.

सवलत ऐकायला मोठी वाटते. आता रुपयांत बघू. समजा, एका दुकानदाराचं १० लाखांचं कर्ज आहे, व्याज ११ टक्के. सहा महिन्यांचं सरळ व्याज झालं ५५,००० रुपये. चक्रवाढ धरलं तर ५६,२७६. फरक १,२७६ रुपये. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर सरकारने त्याच्या खात्यात टाकले साधारण १,२७६ रुपये आणि ५५ हजार त्याच्या डोक्यावर राहिले. देशभरातली बेरीज केली तर आकडा काही हजार कोटींत जातो, हेडलाइन होते. पण एका खात्यात बघितलं तर एका महिन्याचं लाइट बिलसुद्धा निघत नाही.

३ लाख कोटी म्हणजे नक्की किती?

१२ मे २०२० ला पंतप्रधानांनी २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्यातला लहान उद्योगांचा भाग उलगडला. ३ लाख कोटींची विनातारण कर्ज योजना. अधिकृत नाव लांबलचक, इमर्जन्सी क्रेडिट लाइन गॅरंटी स्कीम. बँकांत तिला सगळे ईसीएलजीएस म्हणायचे.

योजना अशी होती. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमचं बँकेत जेवढं कर्ज बाकी आहे, त्याच्या २० टक्के आणखी कर्ज मिळेल. मुदत ४ वर्षं, त्यातलं पहिलं वर्ष फक्त व्याज. बँकेने ९.२५ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावायचं नाही, वित्त कंपनीने १४ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. तुम्ही बुडवलं तर बँकेला १०० टक्के भरपाई सरकारी ट्रस्टकडून.

यातलं शेवटचं वाक्य बऱ्याच लोकांनी उलटं समजून घेतलं. सरकारची हमी आहे म्हणजे आपण नाही भरलं तरी सरकार भरेल, असं. हमी बँकेला होती. तुमच्यावरचं कर्ज, वसुलीची नोटीस, सिबिलवरचा डाग, सगळं तुमचंच. 'विनातारण' शब्दातही मेख होती. नवं तारण मागायचं नव्हतं, पण मोठ्या कर्जांत आधी गहाण असलेल्या जागेवर, मशिनरीवर या नव्या कर्जाचा दुसरा बोजा चढत होता.

आणि ३ लाख कोटी? ती बँकांनी द्यायच्या कर्जाची कमाल मर्यादा. सरकारने त्यासाठी स्वतः बाजूला काढायचं ठरवलेली रक्कम होती ४१,६०० कोटी, तीही चार आर्थिक वर्षांत मिळून. टीका करायची तर करता येते, पण यात हुशारीही होती. त्या वर्षी कर गोळा होत नव्हता, राज्यं पैशासाठी ओरडत होती. खिशातून कमी पैसे काढून बँकांकडून मोठी रक्कम बाजारात यावी, हा विचार काही चुकीचा नाही. हमी नसती तर मे २०२० मध्ये कुठलाही मॅनेजर फाउंड्रीवाल्याला दारात उभा करणार नव्हता.

योजना पुढे वाढत गेली. मर्यादा आधी ४.५ लाख कोटी, मग ५ लाख कोटी. मार्च २०२१ मध्ये हॉटेल, पर्यटन यांना बाकी कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणि सहा वर्षांच्या मुदतीने कर्ज द्यायचं ठरलं. ३१ मार्च २०२३ ला योजना बंद झाली तेव्हा १ कोटी १९ लाख कर्जदारांसाठी सुमारे ३ लाख ६८ हजार कोटींच्या हमी दिल्या गेल्या होत्या. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये मांडलं होतं की यामुळे साडेतेरा लाख उद्योग वाचले.

पण दार कुणाला उघडलं?

पात्रतेचं पहिलं वाक्य पुन्हा वाचा. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी आहे, त्याच्या २० टक्के. म्हणजे ज्याच्यावर कर्ज होतं त्यालाच कर्ज. ज्याने आयुष्यभर 'बँकेची पायरी नको रे बाबा' म्हणत स्वतःच्या भांडवलावर दुकान चालवलं, त्याच्या शून्याचे २० टक्के शून्यच. आपल्या व्यापारी घरांत बिनकर्जी असणं ही अभिमानाची गोष्ट असते. या योजनेत तोच तोटा ठरला.

कर्ज होतं, पण कुठून? योजनेत शेड्यूल्ड व्यापारी बँका, वित्तीय संस्था आणि ठरावीक वित्त कंपन्या होत्या. पतसंस्था नव्हत्या. कोल्हापूर हा सहकाराचा जिल्हा. इथे गल्लीच्या कोपऱ्यावर पतसंस्था असते. किराणावाला, गुऱ्हाळवाला, हुपरीतला चांदी कारागीर, बेकरीवाला रोज संध्याकाळी पिग्मी एजंटच्या हातात शंभर-दोनशे ठेवतो आणि गरजेला तिथूनच कर्ज उचलतो. त्याचं कर्ज खरं, परतफेड नियमित, फक्त ते दिल्लीच्या यादीत बसणाऱ्या खात्यात नव्हतं. घरातल्यांकडून, मित्राकडून, सावकाराकडून घेतलेलं तर मोजायचा प्रश्नच नाही.

तिसरी अट. २९ फेब्रुवारी २०२० ला खातं ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नको. कागदावर ही अट योग्यच वाटते. आधीच बुडीत असलेल्याला कोरोनाच्या नावाखाली पैसे का द्यायचे? पण आता ऑगस्ट २०१९ चा पूर आणि वाहन उद्योगातली घसरण यात ठेवून बघा. ज्याचा माल पुरात गेला, ज्याची ऑर्डर तुटली आणि म्हणून डिसेंबर-जानेवारीचा हप्ता चुकला, तो या अटीत बाहेर पडला. देशाच्या सरासरीसाठी लिहिलेला नियम, पण आदल्या वर्षी पूर येऊन गेलेल्या जिल्ह्यात तो वेगळा चावतो. माझ्या मते संपूर्ण योजनेतली ही सर्वात मोठी चूक. पूरग्रस्त तालुक्यांना या तारखेत सवलत देणं फार अवघड नव्हतं.

फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० पासून पीएम स्वनिधी आली. रंकाळ्यावरचा भेळवाला, बिंदू चौकातला फळवाला यांना १० हजारांचं खेळतं भांडवल, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज सवलत, पुढे २० हजार, ५० हजार. रक्कम छोटी, पण इथे आधीच्या कर्जाची अट नव्हती, महापालिकेचा दाखला किंवा शिफारसपत्र पुरे होतं. ज्या माणसाकडे कधी बँकेने बघितलं नव्हतं त्याचं खातं सुरू झालं. दुसऱ्या लाटेत राज्य सरकारने जे ५,४७६ कोटींचं पॅकेज दिलं त्यात परवानाधारक फेरीवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना दीड हजार रुपये होते. गाळा भाड्याने घेऊन कपड्याचं किंवा चपलांचं दुकान चालवणारा मात्र दोन्हीकडून सुटला. फेरीवाला म्हणावं तर दुकान आहे, उद्योजक म्हणावं तर बँकेत कर्ज नाही. त्याला काही रोख मिळालं असेल तर ते पुराचं. २०२१ च्या पुरानंतर राज्याने नुकसानग्रस्त दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीवाल्याला १० हजार जाहीर केले. पाणी दुकानात शिरलं म्हणून मदत मिळते आणि तीन महिने शटर बंद ठेवायला लावलं म्हणून मिळत नाही, हा हिशोब त्या दुकानदाराला कसा पटवायचा?

कॅनडाचं कसं चाललं?

तिकडच्या योजनेचं नाव कॅनडा इमर्जन्सी बिझनेस अकाउंट, थोडक्यात सेबा. ९ एप्रिल २०२० पासून अर्ज सुरू. पैसे सरकारचे, वाटप बँका आणि क्रेडिट युनियनमार्फत. क्रेडिट युनियन म्हणजे ढोबळमानाने आपली पतसंस्था. म्हणजे आपल्याकडे जी साखळी बाहेर राहिली, ती तिकडे आत होती.

पात्रता आधीच्या कर्जावर नव्हती. तुम्ही पगार किती वाटता यावर होती. पहिल्या आठवड्यांत नियम असे होते की वर्षाला ५० हजार डॉलरपेक्षा कमी पगार वाटणारे बाहेर. बोंब झाली. एका आठवड्यात मर्यादा २० हजारावर आली. मग ज्यांच्याकडे एकही पगारी माणूस नाही, नवरा-बायकोच दुकान चालवतात, अशांसाठी मे महिन्यात भाडं, वीज, विमा असे न टाळता येणारे खर्च धरून वाट काढली. डिसेंबर २०२० मध्ये कर्ज ६० हजार डॉलरपर्यंत वाढवलं, ४० हजार वेळेत परत केले तर २० हजार माफ. जून २०२१ अखेर अर्ज बंद झाले तोवर सुमारे ९ लाख व्यवसायांनी ४९ अब्ज डॉलर उचलले होते.

शिवाय पगार अनुदान वेगळं, दर कामगारामागे आठवड्याला ८४७ डॉलरपर्यंत. सप्टेंबर २०२० अखेरपासून दुकानाच्या भाड्यातही ६५ टक्क्यांपर्यंत मदत. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट एकच, पीएफ. शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि त्यातल्या ९० टक्के लोकांचा पगार १५ हजारांच्या आत असलेल्या ठिकाणी मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात मालक आणि कामगार दोघांचा मिळून २४ टक्के पीएफ केंद्राने भरला. १२ हजार पगारावर महिन्याला २,८८० रुपये. गाळ्याच्या भाड्याचं काय, तर मालक आणि भाडेकरूने आपसांत बघावं.

आता दोन्हीकडची परतफेड समोरासमोर ठेवू. समजा, शिरोलीतल्या मशीन शॉपवाल्याचं २५ लाख कर्ज होतं, त्यावर त्याला ५ लाख मिळाले. व्याज ९.२५ टक्के धरलं तर पहिलं वर्ष महिन्याला साधारण ३,८५४ रुपये व्याज, पुढची तीन वर्षं महिन्याला १५,९६० च्या आसपास हप्ता. चार वर्षांत परत गेले ६ लाख २० हजार. तेव्हाच्या दराने कॅनडाचे ४० हजार डॉलर म्हणजे २१ लाख रुपयांच्या आसपास. तिकडच्या दुकानदाराने वेळेत फेडले तर ४० पैकी ३० हजार डॉलर परत गेले, व्याज शून्य. आपल्याकडे घेतल्यापेक्षा सव्वापट, तिकडे घेतल्याच्या पाऊणपट.

मग तिकडे सगळे खूश का नाहीत?

कारण माफी तारखेला बांधलेली होती. आधी परतफेडीची तारीख होती डिसेंबर २०२२. ती डिसेंबर २०२३ झाली, मग १८ जानेवारी २०२४. त्या दिवसापर्यंत ४० हजार भरले तर २० हजार माफ. एक दिवस चुकला तर पूर्ण ६० हजार अंगावर, त्यावर ५ टक्के व्याज. दुसऱ्या बँकेतून कर्ज काढून फेडणाऱ्यांना २८ मार्चपर्यंत सूट दिली, बाकीच्यांना नाही.

आणि ही तारीख आली कधी? कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर पाव टक्क्यावरून ५ टक्क्यांवर नेलेला असताना. गिऱ्हाईक हात आखडून, भाडी वाढलेली, आणि अशा वेळी ४० हजार डॉलर एकरकमी आणायचे. छोट्या व्यावसायिकांची तिकडची संघटना सीएफआयबी मुदत वाढवून मागत राहिली. सरकार हललं नाही. बहुतेकांनी कसंही करून फेडले. २०२३ मध्ये दिवाळखोरीचे अर्ज करणाऱ्या व्यवसायांची संख्या आदल्या वर्षापेक्षा ४१ टक्क्यांनी वाढली. अर्थात यात सगळा दोष सेबाचा नाही, कोरोनाच्या काळात मदतीमुळे तग धरलेले धंदे नंतर पडले हेही त्यात आलं. ज्यांनी फेडलं नाही त्यांच्यासाठी शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२६ आहे.

दुसरं दुखणं सरकारी. डिसेंबर २०२४ मध्ये तिकडच्या महालेखापरीक्षक कॅरन होगन यांनी अहवाल दिला. सुमारे ३.५ अब्ज डॉलर अपात्र लोकांच्या हातात गेले होते. योजनेचं तांत्रिक काम स्पर्धा न घेता एकाच खासगी सल्लागार कंपनीला दिल्याबद्दलही ताशेरे होते. घाईत वाटलं की गळती होतेच. पण गळतीचा आकडा कॅग दर्जाच्या यंत्रणेने जाहीरपणे मोजला, हेही लिहून ठेवायला हवं.

हप्ते कुणाचे थकले?

आपल्याकडची एक आकडेवारी मला सगळ्यात बोलकी वाटते. सप्टेंबर २०२२ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'ने माहिती अधिकारातून मिळवलेले आकडे छापले. ईसीएलजीएसमधली साधारण १६ टक्के खाती, म्हणजे सहातलं एक, जून २०२२ पर्यंत बुडीत गेली होती. पण रकमेत मोजलं तर बुडीत फक्त ४ टक्क्यांच्या आसपास.

दोन्ही आकडे खरे आहेत. बँकेच्या ताळेबंदातून बघणारा ४ टक्के बघतो आणि म्हणतो योजना यशस्वी. बाजारात फिरणारा सहातलं एक बघतो. आकड्यांमधल्या या अंतराचा अर्थ एवढाच की बुडाले ते छोटे. लाख-दोन लाख वाढीव कर्ज घेतलेला, जुना हप्ता आणि नवा हप्ता दोन्ही अंगावर आलेला माणूस. कोल्हापूरच्या बाबतीत बघा. २०२० च्या मध्यात कर्ज घेतलं, एक वर्ष फक्त व्याज, म्हणजे मुद्दलाचा हप्ता सुरू झाला २०२१ च्या मध्यात. तेव्हा इथे काय चालू होतं? बाजार बंद आणि मग पूर.

धंदा थांबलेला असताना मिळणारं कर्ज आणि धंदा वाढवायला घेतलेलं कर्ज यात फरक असतो. नव्या मशिनसाठी कर्ज घेतलं तर ते मशिन हप्ता कमावतं. बंद काळातलं भाडं, पगार, वीज बिल भरायला घेतलेल्या कर्जातून पुढे काहीच कमाई होत नाही. तो खर्च झालेला असतो आणि पुढच्या चार वर्षांच्या नफ्यातून तो काढायचा असतो. कॅनडाने कर्जातला एक तुकडा सोडला तो याच कारणाने. आपण नाही सोडला. आपल्याला तेवढी माफी परवडली असती का? सगळ्यांना नाही. पण पाच लाखांच्या आतल्या वाढीव कर्जात, वेळेवर फेडणाऱ्याला शेवटचे काही हप्ते माफ, एवढं करता आलं असतं असं मला वाटतं. स्वनिधीत वेळेवर फेडणाऱ्याला व्याज सवलत दिलीच ना.

तसं कोल्हापूरला संकटातलं सरकारी कर्ज नवीन नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी शेतकऱ्यांना तगाई दिली, सोबत स्वस्त धान्याची दुकानं उघडली. नुसतं कर्ज देऊन भागत नाही, त्या काळात पोट चालायला हवं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

आता पुन्हा तोच साचा

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कास्टिंग बाहेर पाठवणाऱ्या कारखान्यांपासून इचलकरंजीच्या कापडापर्यंत धास्ती पसरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यातदारांसाठी २० हजार कोटींच्या वाढीव कर्जाला हमी देणारी योजना मंजूर केली. हमी १०० टक्के, देणारा ट्रस्ट तोच, एनसीजीटीसी.

फायली तयार होत्या, बँकांना पद्धत माहीत होती, म्हणून योजना लवकर आली. ते चांगलंच. पण थेट निर्यात करणारा कारखाना वेगळा आणि त्याच्यासाठी उद्यमनगरात जॉबवर्क करणारा वेगळा. ऑर्डर थांबली की बिल अडकतं ते दुसऱ्याचं, कर्ज मिळतं ते पहिल्याला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा करून मिळणार नाही, हा नियम २०२४ पासून लागू आहे. मोठ्याला हमीचं कर्ज मिळालं असेल तर छोट्याने याच नियमाकडे बोट दाखवून आपलं बिल मागायला हवं. त्यासाठी उद्यम नोंदणी हातात लागते आणि ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

ईसीएलजीएसची पहिली कर्जं २०२४ मध्ये संपली. २०२१ नंतर हॉटेल-पर्यटनासाठी दिलेली सहा वर्षांची कर्जं अजून चालू आहेत, काहींची २०२८-२९ पर्यंत चालतील. तुमचं खातं त्यातलं असेल तर बँकेतून त्या कर्जाचा वेगळा उतारा मागून घ्या. व्याजाचा दर मर्यादेच्या आत आहे का, कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावलाय का आणि संपलेल्या कर्जाचा बोजा जागेवरून उतरवलाय का, हे त्या उताऱ्याशी ताडून बघा.